मंडळीचें गाणें आणि साथीचे सूर

१७०६ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत जर्मनींतील आर्नष्टाट या लहानशा गांवीं चर्चच्या अधिकारी मंडळानें आपल्या ऑर्गनवादकास जाब विचारण्यासाठीं बोलावून घेतलें. वादक अवघा वीस वर्षांचा होता. त्याच्यावर मुख्य आरोप दोन होते. चार आठवड्यांची रजा घेऊन तो ल्यूबेक शहरीं बुक्सटेहूड या थोर वादकाचें वादन ऐकण्यास गेला आणि त्याहून कितीतरी अधिक काळ तिकडेच राहिला, हा पहिला. आणि प्रार्थनेच्या वेळीं सारी मंडळी गात असतां त्यांच्या साध्या गीतांत तो चमत्कारिक फिरती घेतो, परके सूर मिसळतो, आणि त्यामुळें गाणाऱ्यांचा गोंधळ उडतो, हा दुसरा. हा तरुण म्हणजे योहान सेबास्टियन बाख. पुढें सबंध युरोपनें ज्यास संगीताचा आचार्य मानलें, त्यास गांवच्या चार पंचांनीं ऑर्गन कसा वाजवावा हें शिकवावें, या गोष्टीचें आज आपणांस हसूं येतें.

परंतु क्षणभर बाखाच्या आसनावरून उठून आपण खालच्या बाकांवर येऊन बसूं. तेथें शिंपी आहे, लोहार आहे, विधवा आहे, शाळेंतलीं पोरें आहेत. आठवड्यांतून एकदां त्यांस तोंड उघडून गावयाचें असतें. गीत त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलें, चाल तोंडपाठ. त्या चालीखालीं वाजणारा सूर एकाएकीं अनोळखी झाला, कीं त्यांचा आवाज अडखळतो, मग बारीक होतो, आणि शेवटीं बंद पडतो. ऑर्गन सुंदर वाजत राहतो, पण ज्याच्यासाठीं तो वाजावयाचा तें गाणें थांबलेलें असतें. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आर्नष्टाटच्या पंचांची तक्रार निव्वळ अरसिकपणाची ठरत नाहीं. गाणें कोणाचें, वाजवणाऱ्याचें कीं गाणाऱ्यांचें, हा प्रश्न त्यांनीं आपल्या रोखठोक भाषेंत विचारला होता. ख्रिस्ती समूहगानाचा गेल्या पांचशे वर्षांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचीं निरनिराळ्या देशांत दिलेलीं निरनिराळीं उत्तरें होत. त्यांपैकीं कांहीं उत्तरें आपल्या महाराष्ट्रांत आणि गोमंतकांत दिलीं गेलीं, म्हणून हा विषय आपणांस वाटतो तितका दूरचा नाहीं.

प्रथम या साथीचें स्वरूप थोडक्यांत समजून घेऊं. आमच्या संगीतांत सुरावट एकेरी चालते. तिच्या पाठीशीं तंबोऱ्याचा अचल षड्ज-पंचम असतो. पाश्चात्य संगीतांत चालीच्या बरोबरीनें तीन किंवा चार स्वर एकाच वेळीं उमटतात, आणि चाल पुढें सरकते तसे तेहि बदलतात. या स्वरांच्या जुडग्यास कॉर्ड म्हणतात. तिची घडण अवघड नाहीं. सप्तकांतील एक स्वर घ्यावा, त्यापुढील एक सोडून पुढचा घ्यावा, आणि पुन्हां एक सोडून त्यापुढचा घ्यावा. षड्जावर अशी रचना केली म्हणजे सा-ग-प होतें. मध्यमावर केली तर म-ध-सा. पंचमावर केली तर प-नि-रे. वाचकांनीं हे स्वर मोजून पहावेत. या तीन कॉर्डांत मिळून सातही शुद्ध स्वर येऊन जातात. म्हणजे शुद्ध स्वरांच्या साध्या चालींतील कोणताही स्वर आला, तरी त्याला पोटांत घेणारी निदान एक कॉर्ड नवशिक्याच्या हातीं असते. प्रार्थनेच्या गीतांची साथ शिकणारा मुलगा आजहि बहुधा या तीन कॉर्डांपासूनच प्रारंभ करतो.

विचार करण्याची वेळ येते ती यानंतर. षड्ज पहिल्या कॉर्डेंतहि आहे आणि दुसरींतहि. पंचम पहिलींतहि आहे आणि तिसरींतहि. मग कोणती घ्यावी? याचें उत्तर एका स्वराकडे पाहून मिळत नाहीं, सबंध ओळीकडे पाहून मिळतें. प-नि-रे या कॉर्डेंतील निषाद षड्जाकडे ओढ घेतो. तिच्यामागून सा-ग-प वाजली कीं कानाला विसावा मिळतो, ओळ पुरी झाली असें गाणाऱ्यास न सांगतां समजतें. समेवर येतांना आपणांस जें समाधान होतें त्याच जातीचें हें समाधान आहे. शेंदोनशें माणसें, ज्यांतील बहुतेकांस संगीताचें शिक्षण नाहीं, एकाच वेळीं श्वास घेऊन एकाच वेळीं पुढली ओळ उचलतात, याचें पुष्कळसें श्रेय या अबोल खुणेकडे जातें. कॉर्डेचा खरा उपयोग हा आहे. ती शोभेसाठीं आहे असें मानलें, कीं आर्नष्टाटचा प्रसंग पुन्हां घडतो.

ख्रिस्ती उपासनेंत ही साथ पहिल्यापासून होती असें मात्र नव्हे. पहिलीं हजार-बाराशे वर्षें तेथील मुख्य गाणें एकेरी सुरावटीचेंच होतें, आणि तें बहुतांशीं धर्मगुरु व मठवासी गात. तें शिकण्यास वर्षेंच्या वर्षें लागत. अकराव्या शतकांत इटलींतील अरेत्सो येथील ग्वीदो नांवाच्या साधूनें रेषांवर स्वर लिहिण्याच्या रीतीस व्यवस्थित रूप दिलें, आणि एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ हीं स्वरनामें बसविलीं. न ऐकलेलें गीत पाहून गातां यावें, आणि बालगायकांचीं वर्षें वांचावींत, हा त्याचा हेतु होता. पुढें अनेक आवाजांची गुंफण करण्याची कला वाढली; बाराव्या-तेराव्या शतकांत पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरांत तिला वैभव प्राप्त झालें. पण तें गाणें निष्णातांचें होतें. सामान्य भाविकानें तें ऐकावें, एवढाच त्याचा भाग.

१५२४ सालीं मार्टिन ल्यूथरच्या प्रेरणेनें जर्मन भाषेंतील गीतांचीं पुस्तकें छापून निघूं लागलीं, आणि लोकांनीं स्वतः गावें हा विचार मूळ धरूं लागला. तरीहि एक अडचण राहिली. त्याच सालीं विटेनबर्ग येथें योहान वाल्टरनें सिद्ध केलेल्या गीतसंग्रहांत मूळ चाल बहुतेक ठिकाणीं ‘टेनर’ या मधल्या आवाजास दिलेली होती. वर दुसरे आवाज, खालीं दुसरे आवाज, आणि मधें चाल दडलेली. शिकलेल्या गायकवृंदास ती सांपडे. बाकांवरील माणसास सांपडत नसे. ही गांठ सुटण्यास बासष्ट वर्षें लागलीं. व्युर्टेंबर्गच्या दरबारचे धर्मोपदेशक लुकास ओझियांडर यांनीं १५८६ सालीं पन्नास गीतांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत चाल सर्वांत वरच्या आवाजास दिली होती आणि बाकीचे तीन आवाज तिच्याखालीं पावलास पाऊल मिळवून चालत होते. सबंध मंडळीस बरोबर गातां यावें म्हणून आपण असें केलें, हें त्यांनीं स्पष्टच सांगितलें आहे. सुधारणा दिसावयास क्षुल्लक आहे. पण आज जगांत कोठेंहि प्रार्थनागीताचें पुस्तक उघडलें तर बहुधा चाल वर आणि कॉर्डा खालीं हीच मांडणी दिसते. विद्वानानें आपली विद्या चार पायऱ्या खालीं आणली, म्हणून लोक एक पायरी वर चढले.

याच काळीं स्वित्झर्लंडांत नेमकें उलट उत्तर दिलें गेलें. त्सूरिकचा धर्मसुधारक त्स्विंगली स्वतः अनेक वाद्यें वाजविण्यांत कुशल होता. तरी त्यानें उपासनेंतून संगीत साफ काढून टाकलें. १५२७ सालीं तेथील मुख्य चर्चमधील ऑर्गन मोडून टाकण्यांत आला, आणि उपासनेंत पुन्हां गाणें ऐकूं येण्यास १५९८ साल उजाडावें लागलें. जिनीव्हांत कॅल्व्हिननें मध्यम मार्ग घेतला. पवित्र शास्त्रांतील स्तोत्रें छंदोबद्ध करून सर्वांनीं एका सुरांत गावीं, पण वाद्य नको आणि अनेक आवाजांची गुंफणहि नको. १५६२ सालीं या स्तोत्रांचें पूर्ण पुस्तक निघालें. क्लोद गूदिमेल या संगीतकारानें १५६५ सालीं त्याच चालींस साधी चार आवाजांची जोड देऊन दुसरें पुस्तक काढलें, तेव्हां हें चर्चसाठीं नसून घरीं देवाचा आनंद घेण्यासाठीं आहे, असा खुलासा त्याला करावा लागला. या मंडळींस रुक्ष म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण त्यांस संगीताची किंमत कळत नव्हती असें नाहीं. फार चांगली कळत होती. सूर शब्दाला गिळून टाकील, ही त्यांची भीति होती, आणि ती निराधार नव्हती.

जेथें ऑर्गन राहिला तेथें तो वाजविणाऱ्यास साथ शिकविण्याची सोय करावी लागली. १६०२ सालीं लोदोव्हीको व्हियादाना या इटालियन साधूनें आपल्या धार्मिक रचना छापतांना ऑर्गनवादकासाठीं स्वतंत्र खर्जाची ओळ दिली. पुढें अशा ओळीवर आंकडे लिहिण्याची चाल पडली. खर्जाचा स्वर डाव्या हातानें धरावयाचा, त्यापासून मोजून आंकड्यानें दाखविलेले स्वर उजव्या हातानें घ्यावयाचे. तपशील वादकानें आपल्या बुद्धीनें भरावयाचा. सबंध स्वरलेखन न लिहितां केवळ खूण द्यावी आणि बाकीचें शिष्याच्या तालमीवर सोंपवावें, हा प्रकार आमच्या गवयांस अपरिचित वाटणार नाहीं. १६५० सालीं साम्युएल शाइट यानें शंभर गीतांची ऑर्गनवर वाजवावयाची चार आवाजांची मांडणी छापली; गांवोगांवच्या वादकांस ती हाताशीं आली. १७२२ सालीं फ्रान्समध्यें रामो या ऑर्गनवादकानेंच हार्मनीवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दाखवून दिलें कीं, सा-ग-प काय आणि ग-प-सा काय, ती एकच कॉर्ड आहे, फक्त तिची बैठक बदलली. शेंकडों सुटे प्रकार पाठ करण्याऐवजीं मोजकीं मूळ रूपें समजून घेण्याची वाट यामुळें मोकळी झाली.

आणि बाख? पंचांचा रोष पत्करणारा तो तरुण पुढें लाइपझिग येथें शिक्षक झाला. त्याची शिकविण्याची रीत त्याच्या मुलानें, कार्ल फिलिप इमान्युएलनें, एका पत्रांत वर्णिली आहे. शिष्यानें आधीं आंकड्यांच्या खर्जावरून शुद्ध चार आवाजांची साथ शिकावयाची. मग मंडळीच्या गीतांकडे वळावयाचें. प्रथम खर्ज बाख स्वतः लिहून देई आणि मधले दोन आवाज शिष्यानें भरावयाचे. ते साधले म्हणजे खर्जहि शिष्यानेंच रचावयाचा. म्हणजे संगीताच्या शिक्षणाचा पाया त्यानें घातला तो बाकांवरच्या लोहारा-शिंप्याच्या गाण्यावर. त्याच्या मृत्यूनंतर १७८४ ते १७८७ या काळांत त्यानें केलेल्या अशा ३७१ मांडण्या चार भागांत प्रसिद्ध झाल्या. हार्मनी शिकणारा विद्यार्थी आजहि त्या गिरवितो. त्यांतील कित्येक कॉर्डा धीट आहेत. पण वरची चाल कोणत्याहि मुलानें ओळखावी इतकी स्वच्छ आहे. तरुणपणीं ऐकलेली ती तक्रार त्याच्या मनांत किती खोल गेली हें कोण सांगणार? एवढें खरें कीं, तक्रार करणारे आणि ज्याची तक्रार झाली तो, या दोघांचेंहि म्हणणें या मांडण्यांत एकत्र नांदतें.

इंग्लंडांत आणि अमेरिकेंतील इंग्रज वसाहतींत बहुसंख्य चर्चांत ऑर्गन नव्हता आणि पुष्कळांस वाचतां येत नव्हतें. १६४५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें मान्य केलेल्या उपासनाविधींत यासाठीं सूचना होती कीं, पुढाऱ्यानें स्तोत्राची एकेक ओळ म्हणावी आणि तिच्यामागून सर्वांनीं ती गावी. आपल्याकडे बुवांनीं ओळ द्यावी आणि टाळकऱ्यांनीं झील धरावी, तशीच ही रीत. ही चालली, पण साथ नसल्यानें गाणें फार संथ झालें. जो तो आपापल्या हौसेप्रमाणें मुरक्या घेऊं लागला. बॉस्टनमधील सुशिक्षित पाळकांस हें असह्य झालें. १७२१ सालीं टॉमस वाल्टर या पाळकानें स्वरलेखन वाचून तीन आवाजांत गाण्याचें पुस्तक काढलें, आणि गांवोगांव गायनशाळा निघाल्या. फिरता शिक्षक कांहीं आठवडे मुक्काम करी. संध्याकाळीं तरुण मुलें-मुलीं जमत आणि चार आवाजांत गाणें शिकत. यांतूनच बॉस्टनचा विल्यम बिलिंग्ज पुढें आला. धंद्यानें तो चांभारी कातडीं कमावणारा, संगीतांत बहुतांशीं स्वयंशिक्षित. १७७० सालीं त्यानें स्वतःच्या रचनांचा संग्रह छापला. १८०१ सालीं स्वरांस त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि शंकरपाळ्यासारखी आकृति अशीं रूपें देऊन छापलेलें पुस्तक निघालें. रेषा न मोजतां आकृति पाहून स्वर ओळखावा, ही युक्ति. १८४४ सालीं जॉर्जिया प्रांतांत सिद्ध झालेला ‘सेक्रेड हार्प’ हा संग्रह घेऊन तेथील लोक आजहि चौकोनांत समोरासमोर बसून असें गातात. तेथें श्रोता नसतो. जो येतो तो गातो. वाद्यहि नसतें. माणसांच्या चार रांगा हीच त्यांची कॉर्ड.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत जी पद्धति निघाली ती तर आमच्या वाचकांस घरचीच वाटेल. नॉरिच येथील सारा ग्लव्हर या बाईंनीं मुलांस गाणें शिकवितां शिकवितां एक सोपें स्वरलेखन रचलें आणि १८३५ सालीं तें प्रसिद्ध केलें. जॉन कर्वेन या पाळकाकडे शब्बाथ शाळांच्या शिक्षकांनीं गायन शिकविण्याची सोपी रीत शोधण्याचें काम सोंपविलें होतें. त्यानें हें लेखन उचललें, सुधारलें आणि ‘टॉनिक सोल-फा’ या नांवानें सर्वत्र नेलें. रेषा नाहींत, कांहीं नाहीं. केवळ स्वरनामांचीं आद्याक्षरें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, पहिला स्वर पट्टीप्रमाणें हलतो. ज्या उंचीवर गाणें सुरू करावें तोच ‘डो’. आमचा षड्ज हजारों वर्षें असाच हलत आला आहे. गिरणीतील मजूर या पद्धतीनें थोड्याच दिवसांत चार आवाजांत गाऊं लागले. मिशनऱ्यांनीं ती आफ्रिकेंत आणि मादागास्करांत नेली. दक्षिण आफ्रिकेंतील मिशनशाळेचे शिक्षक एनॉक सोंटोंगा यांनीं १८९७ सालीं ‘एन्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हें प्रार्थनागीत रचलें. तें याच लेखनाच्या वळणांत वाढलेलें होतें. पुढें तें स्वातंत्र्याच्या चळवळीचें गीत झालें, आणि १९९७ पासून त्याचा भाग त्या देशाच्या राष्ट्रगीतांत समाविष्ट आहे. प्रार्थनेंत एकत्र गावयास शिकलेले लोक प्रार्थनेपुरतेच एकत्र राहत नाहींत, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

त्याच शतकांत इंग्लंडच्या खेड्यांत एक दुःखद गोष्टहि घडली. तेथें चर्चच्या सज्जांत बसून गांवकरी सारंगीजातीचीं वाद्यें आणि बांसऱ्या वाजवीत व गात. त्यांचें वादन ओबडधोबड होतें, पण तें गांवाचें होतें. नीटनेटकेपणाच्या हौसेनें हे ताफे मोडून त्यांच्या जागीं ऑर्गन किंवा हार्मोनियम आला आणि तो एका शिकलेल्या हातीं गेला. टॉमस हार्डीनें १८७२ सालच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरींत अशाच एका ताफ्याचा शेवट रंगविला आहे. तेथें सूर सुधारला, पण दहा घरांचा रविवार गेला.

आतां महाराष्ट्राकडे येऊं. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. पुढें अहमदनगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर, हें त्यांच्या मराठी मिशनचें मोठें केंद्र झालें. त्यांनीं आपलीं गीतें मराठींत आणलीं तीं चालींसकट. अडचण येथेंच सुरू झाली. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा लघुगुरूंवर चालतें. परक्या चालीचा आघात मराठी शब्दाच्या नको त्या अक्षरावर पडे. ऱ्हस्व ताणलें जाई, दीर्घ आंखडे, आणि अर्थ लंगडत चाले. गाणारा मनुष्य कुणबी असो कीं मांग-महार समाजांतून आलेला असो, त्याच्या कानांत पिढ्यान् पिढ्या ओंवी, अभंग आणि भजन होतें. त्याला आपल्याच देवघरांत पाहुण्यासारखें वाटल्यास नवल नाहीं.

ही गांठ सोडविणाऱ्यांत अग्रस्थान रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि १९१९ सालीं त्यांचें निधन झालें; या चोवीस वर्षांत त्यांनीं मराठी ख्रिस्ती मंडळीस तिची स्वतःची वाणी दिली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’मुळें त्यांचा संसार घरोघर माहीत आहे, पण रविवारीं अनेक मराठी प्रार्थनामंदिरांत त्यांचीं पदें गाइलीं जातात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. टिळकांनीं तुकारामाची वाट सोडली नाहीं. तिच्यावरूनच ते ख्रिस्ताकडे गेले. अभंग, पद, भजन, कीर्तन हीं सारीं त्यांनीं उपासनेंत आणलीं. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहांत विलायती चालींचीं गीतें आणि देशी चालींचीं पदें शेजारीं शेजारीं नांदतात. एकाच सकाळीं मंडळी दोन्ही गाते, आणि पेटीवर बसलेल्या मुलास दोन निरनिराळ्या जगांची साथ करावी लागते.

ही दोन जगें कोठें जुळतात आणि कोठें जुळत नाहींत, हें पाहण्यासारखें आहे. समजा, पद भूप रागाच्या वळणाचें आहे. भूपांत मध्यम नाहीं आणि निषाद नाहीं. पण आपण वर पाहिलेल्या तीन कॉर्डांपैकीं दुसरी मध्यमावरच उभी आहे आणि तिसरींत निषाद मधोमध आहे. म्हणजे तीन कॉर्डा शिकून तयार झालेला मुलगा प्रामाणिकपणें त्या वाजवूं लागला, कीं चालींत जे स्वर वर्ज्य तेच तिच्या पायाखालीं येऊन बसतात. गाणारी म्हातारी भूप हें नांवहि जाणत नसेल; पण कांहींतरी परकें आलें हें तिचा कान जाणतो. आर्नष्टाटच्या पंचांनीं ‘परके सूर’ म्हटलें होतें, तें येथें अक्षरशः खरें होतें. अशा पदास सा-ग-प एवढी एकच कॉर्ड, किंबहुना तंबोऱ्यासारखा नुसता सा-प, हीच मोठी साथ होय. कोठें काय वाजवावें याबरोबर कोठें काय वाजवूं नये, हें शिकणें हा मराठी साथीदाराच्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

या बाबतींत पेटीच्या रचनेनेंहि कांहीं काम केलें आहे. हार्मोनियमचें पेटंट १८४२ सालीं पॅरिसमध्यें अलेक्सांद्र देबें यानें घेतलें. ज्या लहान चर्चांस ऑर्गन परवडत नसे त्यांची ती सोय होती. भाता पायांनीं चाले, त्यामुळें दोन्ही हात कॉर्डांसाठीं मोकळे राहत. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती जमिनीवर बसून वाजवितां यावी अशी हातपेटी झाली, आणि डावा हात भात्यावर गेला. जो हात युरोपांत खर्ज आणि कॉर्ड धरीत असे तोच हात वारा घालण्यांत गुंतला. उजव्यानें सुरावट धरली. म्हणजे कॉर्डेसाठीं जन्मलेलें वाद्य आम्हीं एकेरी सुरावटीचें करून टाकलें. कोणीं सभा भरवून हा निर्णय घेतला नव्हता. मांडी घालून बसण्याच्या सवयीनें तो घेतला. संगीताच्या इतिहासांत मोठे बदल अनेकदां असेच, तत्त्वज्ञानानें न होतां बैठकीनें होतात.

गोमंतकाची कथा निराळी आहे. १५१० सालीं पोर्तुगीज तेथें आले आणि पुढें गांवोगांव चर्चला जोडून शाळा उभ्या राहिल्या. तेथें ‘मेस्त्र’ या नांवानें ओळखला जाणारा शिक्षक मुलांस स्वरलेखन वाचणें, गाणें आणि व्हायोलिन शिकवी. बळजबरीच्या धर्मांतराचा आणि इन्क्विझिशनचा तो काळ. त्याच काळांत ही संगीतविद्या रुजली, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु अनेक पिढ्यांनंतर ती तेथील माणसाच्या अंगची झाली. पोट भरण्यासाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांनीं ती विद्या हॉटेलांत, वाद्यवृंदांत आणि पुढें चित्रपटांत नेली. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनीं रागदारीच्या वळणाच्या चालींखालीं अशा बेतानें हार्मनी घातली कीं चाल दबली नाहीं, उलट उठून दिसली. ज्या गाण्यांवर आपलीं घरें वाढलीं त्यांच्या पाठीमागचे व्हायोलिनचे सूर गोव्यांतल्या चर्चच्या शाळेंतून निघालेले आहेत. तेव्हां कॉर्ड ही परकी आणि ती आमच्या गाण्यास कधींच मानवणार नाहीं, हें म्हणणेंहि पुरें खरें नाहीं. ती कोणाच्या हातांत आहे, आणि तो हात आधीं चाल ऐकतो कीं नाहीं, यावर सारें अवलंबून आहे.

१९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकांनीं सक्रिय भाग घ्यावा, लोकभाषेला वाव मिळावा आणि निरनिराळ्या देशांच्या संगीतपरंपरांचा मान राखावा, असा ठराव केला. वसईपासून गोव्यापर्यंत मराठी आणि कोंकणी गीतें चर्चमध्यें घुमूं लागलीं. त्याच सुमारास पश्चिमेकडे गिटार उपासनेंत शिरली, आणि तिच्याबरोबर साथ लिहिण्याची एक नवी, अत्यंत सुटसुटीत रीत सर्वत्र पसरली. गीताचे शब्द लिहावयाचे आणि ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते त्याच्या डोक्यावर तिचें एकाक्षरी नांव ठेवावयाचें. ना रेषा, ना आंकडे. तीन-चार कॉर्डांची बोटें बसलीं कीं कोणताही तरुण थोड्याच दिवसांत साथीस बसतो. ग्वीदोच्या रेषा, व्हियादानाचा खर्ज, अमेरिकेंतल्या आकृति, कर्वेनचीं अक्षरें आणि ही एकाक्षरी कॉर्ड, या साऱ्यांचा हेतु एकच: जें थोड्यांच्या हातीं होतें तें पुष्कळांच्या हातीं द्यावें.

मात्र याच इतिहासाची दुसरी बाजूहि आपण पाहिली आहे. प्रत्येक वेळीं साधन सोपें झालें कीं कांहीं काळानें तें पुन्हां निष्णातांच्या हातीं जातें, आणि बाकांवरचा मनुष्य पुन्हां श्रोता होतो. आज विजेचीं वाद्यें आणि ध्वनिवर्धक आले आहेत. व्यासपीठावरचा ताफा उत्तम वाजवितो, पण त्याचा आवाज एवढा मोठा असतो कीं शेजारी गातो कीं नाहीं हें कळत नाहीं. आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकूं येईनासा झाला कीं मनुष्य स्वतःचाहि बंद करतो. जिनीव्हा आणि त्सूरिक येथील त्या कठोर पुरुषांची आठवण अशा वेळीं झाल्याशिवाय राहत नाहीं.

म्हणून साथ शिकणाऱ्या मुलामुलींस या इतिहासानें सांगण्यासारखी गोष्ट फार अवघड नाहीं. कॉर्डा जरूर शिकाव्या. तीनावर न थांबतां पुढें जावें. बाखाच्या शिष्यांप्रमाणें खर्जाची चाल स्वतः बांधून पहावी. पण प्रत्येक गीताच्या दुसऱ्या कडव्यास क्षणभर हात हलका करून ऐकावें. मंडळीचा आवाज टिकून आहे काय? वाढला आहे काय? असेल तर साथ बरोबर आहे, मग ती एका सुराची असो कीं चार सुरांची. तो आवाज मावळला असेल, तर ती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी चुकलेली आहे. आर्नष्टाटच्या पंचांस बाखाचें मोठेपण कळलें नाहीं, हें त्यांचें दुर्दैव. पण त्यांनीं कान लावला होता तो योग्य ठिकाणीं लावला होता.